बुळकांडी आणि आफ्रिकेची राने



माझ्या लहानपणी आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत असत. नैरोबीच्या एका कचेरीत त्यांनी उमेदीची सारी वर्षे कारकुनी केली होती. गोमंतकात त्या काळी असा ‘आफ्रिकेहून परतलेला’ मनुष्य पुष्कळ घरांतून आढळत असे. त्यांच्या बैठकीच्या खोलीत एक मोठे छायाचित्र टांगलेले होते. क्षितिजापर्यंत पसरलेले पिवळे गवत, छत्रीसारखी दिसणारी एक-दोन बाभळीची झाडे, आणि गाय, घोडा व हरिण यांची सरमिसळ व्हावी तसे दिसणारे ‘नू’ नावाचे हजारो प्राणी. माणूस मात्र त्यात नावालाही नव्हता. त्या छायाचित्राकडे बोट दाखवून ते म्हणत, “बाळ, सृष्टीच्या आरंभी होती तशीच ही भूमी आजही आहे, बरे का!”

मी पुढे शिक्षक झालो आणि भूगोलाच्या तासाला हेच वाक्य थोड्याफार फरकाने कित्येक वर्षे मुलांना सांगत आलो. ते खरे नाही, हे मला उशिरा कळले. त्या छायाचित्रातील देखावा सृष्टीच्या आरंभापासूनचा नसून फार तर सव्वाशे वर्षांचा आहे. तो घडवण्यात एका रोगाचा फार मोठा वाटा आहे, आणि त्या रोगाचा संबंध आपल्या देशाशी पोचतो. आज तीच हकीकत सांगावयाची आहे.

रोगाचे नाव बुळकांडी. आजच्या शहरी मुलांच्या कानांवरून हा शब्द गेलाही नसेल. परंतु खेड्यातील एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्यापुढे तो उच्चारून पाहावा, त्याचा चेहरा बदलतो. जर्मन भाषेत या रोगाला रिंडरपेस्ट, म्हणजे गुरांची मरी, असे नाव आहे, आणि तेच पुढे जगभर रूढ झाले. जनावराला प्रथम सडकून ताप भरतो, डोळ्यांना व नाकाला पाणी सुटते, तोंडात चट्टे उठून कातडे सोलवटते, चारा सुटतो, मग पातळ ढाळ लागतात, आणि आठ-दहा दिवसांत दावणीचे जनावर दावणीलाच आडवे होते. माणसाला होणाऱ्या गोवराच्या विषाणूचा हा अगदी जवळचा भाऊबंद. गोवराप्रमाणेच, जे जनावर यातून एकदा वाचले त्यास हा रोग जन्मात पुन्हा होत नाही.

हा शेवटचा मुद्दा ध्यानात ठेवावा. ज्या देशात रोग शतकानुशतके नांदत आहे तेथे कळपातील बरीचशी जनावरे तो भोगून बसलेली असतात. साथ येते, कालवडी-खोंडे घेऊन जाते, परंतु कळप उरतो. ज्या भूमीला रोगाची ओळखच नाही तेथे मात्र शंभरांतील नव्वद जनावरे मरतात, आणि ती एकाच वेळी मरतात. आशियात व युरोपात बुळकांडी जुनीच होती. तिच्याच भयाने फ्रान्समधील लियों शहरी १७६२ साली पहिले पशुवैद्यकीय विद्यालय निघाले. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिका मात्र तोवर सुटलेली होती.

१८८७ साली इटालियन सैन्य तांबड्या समुद्राच्या काठी, मसावा बंदरात तळ देऊन होते. सैन्याच्या पोटासाठी व ओझ्यासाठी बाहेरून गुरे आणण्यात आली, आणि ती आपल्या हिंदुस्थानातून आली असे बहुतेक इतिहासकार मानतात. पूर्वी शिडाच्या जहाजावर आजारी जनावर वाटेतच मेले असते आणि त्याच्याबरोबर रोगही समुद्रात गेला असता. आगबोटीने तो प्रवास इतका थोड्या दिवसांचा केला होता की रोग धडधाकट अवस्थेत किनाऱ्याला लागला.

पहिला घाला इथिओपियावर पडला. तेथील शेती आपल्यासारखीच, बैलाच्या खांद्यावर उभी असलेली. आफ्रिकेच्या इतर बहुतेक भागांत कुदळीने शेती करीत. इथिओपियाच्या पठारावर नांगर चाले. बैल गेले आणि नांगर कोपऱ्यात पडला, हे आपल्याकडील शेतकऱ्याला फोडून सांगण्याची गरज नाही. त्यातच पावसाने दगा दिला, टोळधाड आली, मागोमाग देवी आणि पटकी आली. सम्राट मेनेलिक याने लोकांपुढे उदाहरण ठेवण्यासाठी स्वतः कुदळ हाती घेऊन जमीन खणली असे सांगतात. १८८८ ते १८९२ या काळाला त्या देशात आजही ‘दुष्ट दिवस’ असेच म्हणतात. लोकसंख्येचा तिसरा हिस्सा नाहीसा झाला असा अंदाज पुष्कळ ग्रंथांतून दिलेला असतो. त्या काळी शिरगणती नव्हती, म्हणून हा आकडा मोजलेला नाही, अदमासाचा आहे. पण गावेच्या गावे उठली याविषयी दुमत नाही.

तेथून रोगाचे दोन फाटे फुटले. एक सुदानमधून पश्चिमेकडे जात थेट अटलांटिक महासागरापर्यंत पोचला. दुसरा दक्षिणेकडे, आजच्या केनिया व टांझानिया देशांत उतरला. तेथे मसाई लोक राहतात. त्यांना शेती ठाऊक नव्हती. गुरांचे दूध, रक्त आणि मांस हेच त्यांचे अन्न, गुरे हीच संपत्ती, गुरे हाच हुंडा आणि गुरे हीच प्रतिष्ठा. १८९१-९२ च्या सुमारास ऑस्करबाउमान नावाचा ऑस्ट्रियन प्रवासी त्या मुलुखातून गेला. हाडांचे सापळे झालेल्या स्त्रिया, चालवत नाही म्हणून रांगणारी माणसे आणि मेलेल्या जनावरांच्या कातड्यांवर दिवस काढणारी कुटुंबे त्याने पाहिली. दोन-तृतीयांश मसाई मेले असावेत असा त्याचा तर्क होता.

बुळकांडीने केवळ पाळीव गुरे मारली असती तर ही कथा एका दुष्काळाची झाली असती. पण हा रोग दुभंगलेल्या खुरांच्या प्राण्यांचा आहे, आणि पाळीव व रानटी हा भेद विषाणूला कळत नाही. रानम्हशी, ईलँड व कुडू जातींची मोठी हरणे, जिराफ, रानडुकरे, नू हे सारे त्यात सापडले. १८९० साली ब्रिटिश अधिकारी लुगार्ड हा पूर्व आफ्रिकेतून चालला असता त्याला रानम्हशींचे सांगाडे विखुरलेले आढळले. झेब्रा, गेंडा आणि हत्ती मात्र वाचले, कारण त्यांचे पाय त्या घडणीचे नव्हेत. म्हणजे माणसे, गुरे आणि श्वापदे एकाच तडाख्यात कमी झाली, आणि एवढ्या विस्तीर्ण भूभागावर गवत खाणारी तोंडेच उरली नाहीत.

झांबेझी नदीने रोगाला काही वर्षे थोपवून धरले. १८९६ साली त्याने नदी ओलांडली, आणि मग वर्ष-दीड वर्षात तो केप प्रांतापर्यंत जाऊन भिडला. दक्षिण आफ्रिकेची बरीचशी मालवाहतूक तेव्हा बैलगाड्यांवर होती. बुलावायोकडे जाणाऱ्या रस्त्यावर जुंपलेले बैल जुवाखालीच मरून पडले आणि माल भरलेल्या गाड्या उन्हात तशाच उभ्या राहिल्या. सरकारने शेकडो किलोमीटर तारेचे कुंपण घातले, पहारे बसवले, संशयित गुरांना गोळ्या घातल्या. रोग कुंपणापलीकडे गेलाच. झांबेझीच्या दक्षिणेस पन्नास लाखांहून अधिक गुरे दगावली असा अंदाज आहे. आजच्या नामिबियात हेरेरो लोकांचे कळप गेले, त्यांना जमिनी विकण्याची व मजुरीला जाण्याची पाळी आली, आणि १९०४ साली जर्मनांनी त्यांचा जो संहार केला त्याच्या कारणांची एक मुळी या रोगापर्यंत जाते.

या प्रकरणी केप सरकारने ज्या शास्त्रज्ञाला बोलावले तो रॉबर्ट कॉख. किंबर्ले येथे त्याने रोगी जनावराचे पित्त टोचून निरोगी जनावर वाचवण्याचा उपाय शोधला. तो अपुरा होता, तरी काहीच नसल्यापेक्षा बरा. तेथून १८९७ साली कॉख सरळ मुंबईस आला, कारण तेव्हा मुंबईत प्लेगने हाहाकार उडवला होता. त्याच वर्षी तो हिमालयातील मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेतही जाऊन आला. ही प्रयोगशाळा मुळात १८८९ साली आपल्या पुण्यात स्थापन झाली होती आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलवण्यात आली. गुरांच्या रोगांवर, विशेषतः बुळकांडीवर, तेथे काम चाले. तिचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

आता या कथेतील सर्वांत गुंतागुंतीच्या भागाकडे वळू. आफ्रिकेत त्सेत्से नावाची एक माशी आहे. ती रक्तावर जगते आणि तिच्या दंशातून एक सूक्ष्म जंतू शरीरात शिरतो. गुराला त्यापासून ‘नगाना’ नावाचा क्षयकारक आजार होतो, माणसाला निद्रारोग होतो. याच जातीच्या जंतूमुळे होणारा घोड्या-उंटांचा ‘सर्रा’ आपल्याकडेही आहे, पण तो साध्या गोमाश्यांमार्फत पसरतो. त्सेत्से आपल्या नशिबी नाही, हे आपले भाग्य. आफ्रिकेतील रानप्राण्यांच्या अंगात हा जंतू असतो, परंतु युगानुयुगांच्या सहवासामुळे त्यांना तो बाधत नाही. या माशीला सावली लागते. उघड्या, चरलेल्या, अधूनमधून जाळलेल्या गवताळ रानात तिचा टिकाव लागत नाही; झुडपांत व दाट झाडीत ती फोफावते.

जेथे माणसांची दाट वस्ती होती, गुरे चरत होती, शेतासाठी झाडी तोडली जाई आणि दरवर्षी गवत पेटवले जाई, तेथे माशी आपोआप दूर राहत असे. तेथील लोकांना जंतुशास्त्र अवगत नव्हते, पण कोणत्या रानात गुरे न्यावीत व कोणत्या नेऊ नयेत हे चांगले ठाऊक होते. बुळकांडीने ही घडी मोडली. गुरे गेली, माणसे मेली वा उठून गेली, आणि मोकळी कुरणे झुडपांनी भरू लागली. रानप्राणी पुन्हा वाढले ते गुरांच्या कितीतरी आधी, कारण त्यांना गोठा लागत नाही, गुराखी लागत नाही, आणि आता त्यांची शिकार करणारेही थोडे उरले होते. झाडी आली, रक्त देणारी श्वापदे आली, त्यांच्या मागून माशी आली. एकदा माशी आल्यावर गुरे परत आणणे अशक्य, आणि गुरांवाचून माणसांची वस्ती होणे कठीण. मसाईंच्या ज्या मारा भागाला जुन्या प्रवाशांनी उघडे मैदान म्हटले होते तो या शतकापूर्वीच्या शतकाच्या मध्यापर्यंत दाट झुडपांचा प्रदेश झालेला होता.

सगळीकडे असेच घडले असे मात्र नाही. लिंपोपो नदीच्या परिसरात रानम्हशी इतक्या पूर्णपणे नाहीशा झाल्या की माशीच उपाशी मेली, आणि तेथे ती पुन्हा परतली नाही. एकाच रोगाने एका टोकाला माशी घालवली आणि दुसऱ्या टोकाला वाढवली. जॉन फोर्ड या इंग्रज अभ्यासकाने आयुष्याचा मोठा भाग या माशीमागे हिंडण्यात घालवून १९७१ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. आफ्रिकेतील लोक माशीपुढे असहाय होते आणि गोऱ्यांनी येऊन त्यांना वाचवले, ही समजूत उलटी आहे असे त्याने दाखवले. त्याचे सगळेच निष्कर्ष आज जसेच्या तसे मान्य होत नाहीत, पण मूळ मुद्दा टिकून आहे असे मला वाटते.

१९०० ते १९२० या काळात युगांडात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी निद्रारोगाने सुमारे अडीच लाख माणसे मेली. या साथीची कारणे अनेक आहेत आणि ती सगळी बुळकांडीच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. परंतु त्यावरचा सरकारी उपाय आपल्या विषयाशी जोडलेला आहे. १९०६ नंतर ब्रिटिश सरकारने सरोवराच्या व नद्यांच्या काठची उरलीसुरली गावे सक्तीने उठवली, म्हणजे माशीला माणसाचे रक्तच मिळू नये. ओस पडलेल्या त्या जमिनीवर झाडी वाढली, हत्ती आले, रानम्हशी आल्या. पुढे १९५२ साली युगांडात जी राष्ट्रीय उद्याने झाली त्यांपैकी मर्चिसन धबधब्याचे उद्यान अशाच रिकाम्या केलेल्या मुलुखात आहे. आज तेथे जाणाऱ्या पाहुण्याला ते अरण्य अनादि वाटते. त्याखाली जुन्या गावांच्या जागा आहेत.

सेरेंगेटीचे राष्ट्रीय उद्यान १९५१ साली झाले. सेरेंगेटी हा शब्द मसाई भाषेतील, अर्थ अंतहीन मैदान. १९५९ साली मसाईंना उद्यानातून हलवण्यात आले आणि शेजारच्या न्गोरोन्गोरो प्रदेशात गुरांसह राहण्याचा हक्क त्यांना देण्यात आला. त्याच्या आदल्याच वर्षी बर्नहार्ड ग्रझिमेक आणि त्याचा तरुण मुलगा मिखाएल यांनी लहान विमानातून तेथील प्राणी मोजले होते. नूंची संख्या त्यांना सुमारे एक लाख आढळली. १९५९ च्या जानेवारीत गिधाडाशी टक्कर होऊन विमान कोसळले आणि मिखाएल मरण पावला. सेरेंगेटीविषयीच्या त्यांच्या चित्रपटाने व पुस्तकाने जगाचे लक्ष तिकडे वेधले. परंतु त्यांतून एक समजही पसरला: माणूस आणि त्याची गुरे हेच या रानाचे शत्रू आहेत. माझ्या शेजाऱ्यांच्या भिंतीवरील छायाचित्र त्याच काळातले असावे.

त्यानंतर जे घडले ते शास्त्रज्ञांनाही अनपेक्षित होते. बुळकांडी आफ्रिकेतून १८९७ नंतर गेलेली नव्हती. ती मुरली होती. दरवर्षी नूंच्या पाडसांना आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती संपली की रोग गाठी, आणि वर्षाच्या आतली पाडसे मरत. रोगाचे कोठार रानप्राण्यांत आहे व तेथून तो गुरांना होतो, असे सर्वजण धरून चालले होते. इकडे मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत एडवर्ड्स याने १९२० नंतरच्या दशकात शेळीच्या शरीरातून विषाणू पुनःपुन्हा काढून तो सौम्य केला होता आणि त्याची लस तयार केली होती. तिच्यासारखी लस पुढे केनियातही वापरली गेली. त्यानंतर केनियातील मुगुगा येथे वॉल्टर प्लाउराइट याने काचपात्रात वाढवलेल्या पेशींवर त्याहून निर्धोक आणि स्वस्त लस तयार केली. सेरेंगेटीच्या भोवतालच्या गुरांना लस टोचण्यात आली. रानातील एकाही नूला कोणी सुई लावली नाही. तरी १९६३ च्या सुमारास नूंमधील रोग थांबला! म्हणजे कोठार गुरांचे होते, आणि रानप्राणी बिचारे गुरांकडून रोग घेत होते.

मग नूंची संख्या वाढू लागली. १९६१ साली ती अडीच लाखांच्या आसपास होती, १९७७ साली तेरा-चौदा लाखांपर्यंत गेली, आणि पुढे साधारण त्याच पातळीवर राहिली. इतकी तोंडे गवताला लागल्यावर उन्हाळ्यात वाळलेले उंच गवत उरेना. गवत नाही म्हणून वणवे कमी झाले. वणवे कमी झाले म्हणून झाडांची रोपे जगू लागली आणि काही दशकांत जेथे उघडे माळ होते तेथे बाभळीची बने उभी राहिली. सिंह व तरस यांना भक्ष्य वाढले. माणसाने गोठ्यातील गाईला एक सुई टोचली आणि रानात झाड वाढले. वर्गात हा भाग शिकवताना मी खडूने फळ्यावर एकेक बाण काढीत जातो. मुलांना तो कोड्यासारखा वाटतो.

लशीची मोहीम पुढे अनेक वर्षे चालली. मध्यंतरी, १९८० च्या सुमारास, हलगर्जीपणामुळे रोगाने आफ्रिकेत पुन्हा डोके वर काढले. भारतातील शेवटची लागण १९९५ सालची. जगातील शेवटची नोंद २००१ साली केनियातील मेरू उद्यानातल्या रानम्हशींत झाली, आणि २०११ साली बुळकांडी पृथ्वीवरून नष्ट झाल्याचे जाहीर करण्यात आले. देवीनंतर मनुष्याने समूळ घालवलेला हा दुसराच रोग. देवीचे नाव सर्वांना ठाऊक आहे. बुळकांडीची वार्ता मात्र फारशी कोणी वाचली नाही, याचे मला शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवणारा म्हणून वाईट वाटते.

परंतु त्या रोगाने आखलेल्या रेषा मिटलेल्या नाहीत. नामिबियात १८९६-९७ साली गुरांची ये-जा रोखण्यासाठी जी पहाऱ्याची रेषा आखली गेली, तिच्याच वंशातील कुंपण आजही त्या देशाच्या उत्तर भागाला उरलेल्या देशापासून तोडते, आणि उत्तरेकडील शेतकऱ्याला आपले गुरू सहजासहजी दक्षिणेच्या बाजारात नेता येत नाही. न्गोरोन्गोरोत १९५९ साली काही हजार मसाई होते, आज त्यांची संख्या एक लाखाच्या घरात आहे. गवत व पाणी तेवढेच, माणसे व गुरे वाढली, तेव्हा वन्यजीवांसाठी लोकांनी हलले पाहिजे, असे टांझानियाचे सरकार म्हणते. ही अडचण खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण मसाईंचे म्हणणे असे की श्वापदे आणि आमची गुरे या गवतावर एकत्र चरत आली आहेत, आणि तुम्ही ज्याला निर्मनुष्य रान समजता ते आमचे आजे उपाशी मेल्यामुळे निर्मनुष्य झालेले होते. इतिहास पाहता त्यांचे हे दुसरे वाक्य खोडून काढणे कठीण आहे. २०२२ साली लोलिओंडो भागात सुमारे पंधराशे चौरस किलोमीटर जमीन राखीव करण्यासाठी खुंट रोवण्यात आले तेव्हा पोलीस व मसाई यांच्यात चकमकी झाल्या. त्याच वर्षापासून न्गोरोन्गोरोतील कुटुंबांना सुमारे सहाशे किलोमीटर दूर, हंडेनी जिल्ह्यातील म्सोमेरा गावी, नव्या घरांत नेऊन वसवण्यास आरंभ झाला. काही कुटुंबे गेली. पुष्कळांनी जाण्याचे नाकारले आहे, आणि त्यांची गुरे न्गोरोन्गोरोच्या उतारांवर झेब्र्यांच्या शेजारी चरत आहेत.